कुसुमची ओटी

त्या कार्तिकात मी कौंडण्यपूरला गेले ती भांडायला. पिशवीत खण, नारळ, तांदूळ होते, पण रुक्मिणीआईसाठी तोंडात एक बरा शब्द नव्हता. माझी धाकटी बहीण कुसुम श्रावणात गेली. तिला तेल्हाऱ्याला दिली होती. दुखण्यात ती नवस बोलली होती, बरी झाले तर कौंडण्यपूरला जाऊन आईची ओटी भरीन. ती बरी झाली नाही, तेव्हा नवसही उरला नाही, असं आमच्या घरचे म्हणाले. मला मात्र स्वस्थ बसवेना. अमरावतीच्या शाळेत पोरींना शिकवता शिकवता मी मध्येच थांबायची, घरी आले की उगाच भांडी आपटायची. देवळात उभी राहिले तरी चित्त ठिकाणावर नसे. शेवटी ठरवलं, ओटी भरायची आणि आईला तोंडावर विचारायचं, माझ्या बहिणीनं तुझं काय घोडं मारलं होतं?

खरं तर माझ्या जिवाची आग आग का होत होती, ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी कुसुम दिवाळीला माहेरी आली होती. मागच्या खोलीत माझा हात धरून तिने स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, हात लावून पाह्य बरं. सुपारीएवढी गाठ लागून राहिली." मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. शिकलेली म्हणून मिरवणारी मी! मी तिला म्हटलं, "कोणाजवळ बोलू नको. बाईच्या जातीनं असलं काही चारचौघांत काढायचं नसतं. जवसाचं पोटीस बांध आणि कौंडण्यपूरच्या आईला नवस बोल." मोठ्या बहिणीचा शब्द तिला वेदवाक्य. तिने पोटीस बांधलं, ती नवस बोलली, आणि कोणाजवळ म्हणून बोलली नाही. गाठ फुटून कपड्यांना वास येऊ लागला तेव्हा कुठे घरात कळलं. मुंबईला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी फार उशीर झाला म्हणून परत पाठवलं. त्यानंतर आम्ही घरचे सगळे, कशानं गेली असं कोणी विचारलं की एकच सांगायचो, ताप होता.

जत्रेत शिरण्याआधी हैज्याची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचून घ्यावी लागते. सरकारी तंबूसमोर बायांची ही लांब रांग. कोणी दंडावरचा पदर सोडायला तयार नाही. टेबलामागे एक नर्सबाई होती, तिशी-बत्तिशीची, काळीसावळी, चटपटीत. एकीकडे बायांना गोड बोलून दंड उघडायला लावी, दुसरीकडे सुई टोची. माझी पाळी आली तेव्हा तिने पिशवीकडे पाहून विचारलं, "कोनाची ओटी?" मी म्हटलं, बहिणीची, ती नाही आता. "कायनं गेली?" सवयीने तोंडातून निघालं, "तापानं." तिचा हात थांबला. "ताप कसला? कोनत्या गावी? हैजा तं नाही? मले वर कळवा लागते बाई, गावात साथ असंन तं."

आता आली का पंचाईत! तेल्हाऱ्याला हैजा आहे अशी माझ्यामुळे सरकारदरबारी नोंद झाली असती. मी घुटमळले, इकडेतिकडे पाहिलं. मागच्या बाया कान टवकारून उभ्या. शेवटी आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द उच्चारला. "कॅन्सर. छातीचा." आणि मग थांबताच येईना. गाठ, पोटीस, नवस, सगळं त्या रांगेत उभ्या उभ्या बोलून गेले, रडत रडत. नर्सबाईने मला बाकावर बसवलं, आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "मी काही तुमच्या देवळात येत नाही. आमी आता बुद्धाचे. पन एक इचारू? देवीले सांगतलं तुमी, मंग बायांले काहून नाही सांगत?" मी ते पाणी प्यायले. दहा वर्षांपूर्वी मी ते प्यायले नसते, हेही इथे लिहिलं पाहिजे. नाहीतर एवढं कबूल करून पुन्हा लपवालपवी केल्यासारखं होईल.

मी उठून देवळाकडे निघाले तर मागून कोणी पदर ओढला. रांगेतलीच एक बाई, चाळिशीची, मजुरीने रापलेली. म्हणाली, "बाई, मले बी हाये. तुमच्या बहिनीसारखी. कोनाले नाही सांगतलं." मी तिला तशीच तंबूत नेली. नर्सबाईने कनातीआड तपासलं आणि दुसऱ्याच दिवशी अमरावतीच्या दवाखान्यात यायला बजावलं.  त्या बाईला नाव विचारलं तर म्हणाली, रुखमा. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मी त्यावर काही बोलत नाही. एवढंच सांगते की पिशवीतला खण, नारळ आणि तांदूळ मी तिथेच तिच्या ओटीत घातले आणि देवळात रिकाम्या हाताने गेले. भांडायचं राहूनच गेलं.

रुखमाची गाठ नागपूरला काढली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला आनंद झाला. पण हेच शब्द कुसुमलाही ऐकायला मिळाले असते. नर्सबाई, रुखमा आणि मी, तिघींनी ठरवलं की कुसुमच्या गावी, तेल्हाऱ्याला, एक लेडी डॉक्टर आणायची, बायांना तपासून घ्यायचं, आणि ज्यांना पुढे न्यायचं त्यांच्यासाठी निधी जमवायचा. सभेला बाया येणार नाहीत, हे ठाऊक होतं. पण कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात सीतादही होते, झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तेव्हा गावच्या बाया जमतात. पुढच्या वर्षी त्या दिवशी बोलायचं आणि प्रत्येकीकडून पदरभर कापूस मागायचा, असा बेत झाला.

शेत कुसुमच्या नवऱ्याचं, भाऊजींचं. विचारायला गेले तर ते भडकले. "ताई, पोरगी लग्नाची हाये. घरान्यात असा रोग हाये म्हनून डंका पिटून राहिल्या का तुमी? कोन करीन तिच्याशी लगन?" त्यांचंही चुकत नव्हतं. शेवटी एवढ्यावर आले, "बोला, पन तिचं नाव घेऊ नका." मी कबूल झाले.

नैवेद्य झाला, मी उठले आणि पुस्तकी बोलू लागले. बाया एकमेकींना कोपराने ढोसून हसू लागल्या. रुखमाने आपलं सांगितलं तेव्हा जरा ऐकू लागल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "तिचं खरं हाये, तिनं भोगलं. पन तुमाले काय मालूम, मास्तरीनबाई?" बांधावर, बैलगाडीजवळ भाऊजी पाठ करून उभे होते. कुसुमची मुलगी बायांत मागे बसली होती. दिलेला शब्द आठवला. मनात म्हटलं, आई, मला काही सुचत नाही, आता तूच बघ. आणि बोलले. "माझी कुसुम यानंच गेली. तिनं मला वेळेवर सांगितलं होतं. कोणाजवळ बोलू नको, असं मीच तिला सांगितलं."

भाऊजी वळले. चालत आले. बाया डोक्यावरचा पदर सावरून बाजूला झाल्या. ते माझ्यासमोर उभे राहिले, तोंड पांढरंफटक. "मले बी नाही सांगतलं तिनं," ते म्हणाले. "मले वाटे, माह्यावर भरवसा नव्हता तिचा. तुमी सांगतलं म्हून नाही बोलली ती?" मी हो म्हटलं. वाटलं, हा माणूस आता मला शेतातून हाकलणार.  पण ते मागे बसलेल्या लेकीला म्हणाले, "ऊठ वं. समोर ये, बाप्पा. तुह्या मायचंच सांगून राहिली मावशी. नीट आयक." आणि गड्याकडे वळून, "आजची सारी वेचनी या कामाले." एवढं बोलून डोळ्याला शेला लावत बांधाकडे गेले.

लेडी डॉक्टर आली, शाळेच्या खोलीत बाया तपासून घेऊ लागल्या, आणि भाचीचं लग्नही यथावकाश झालं. माझी कुसुम परत आली नाही, आणि माझी चूक मिटली असंही मी म्हणत नाही. अजून कधी कधी जीव कासावीस होतो. पण आईशी आता भांडण नाही. तिने माझ्याकडून खण-नारळ घेतलाच नाही, जे मी लपवून ठेवलं होतं तेच मागून घेतलं, आणि ते देताना कळलं की शरण जाणं म्हणतात ते हेच असावं. दर कार्तिकात मी कौंडण्यपूरला जाते. सुईच्या रांगेत उभी राहते. बोलता बोलता कुसुमचा विषय निघतो आणि शेजारची बाई विचारते, बहीण कायनं गेली? मी ताप म्हणत नाही.