दोन साक्षीदार

कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याखाली सात टेबलं मांडलेली होती. तिसरं वहिनींचं. त्यावर कॉम्प्युटर, प्रिंटर, पाण्याची बाटली आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं लिफ्टच्या दाराचं एक जड चाक.

लोक टाईप करून घ्यायला यायचे. त्याहून जास्त विचारायला यायचे. जे वकिलाला विचारायला जीभ रेटत नाही, ते सगळं वहिनींना विचारलं जायचं.

"शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आमच्या गच्चीवर आलीय. तोडू का?"

"आधी सांगा. ऐकलं नाही तर लिहून द्या. कुऱ्हाड सगळ्यात शेवटी."

"घरमालकानं आमचा नळ तोडलाय. असं करता येतं का?"

"नाही येत. करार कुठंय?"

"तोंडीच ठरलं होतं."

"मग येतं," शेजारच्या टेबलावरून झेरॉक्सवाला म्हणायचा.

वहिनी हसायच्या नाहीत. कागद आहे का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकवीस वर्षं त्या तेवढंच विचारत आल्या होत्या.

वहिनी हे नाव पलीकडच्या टेबलावरच्या स्टॅम्पवाल्यानं पाडलं. कोर्टाची लिफ्ट बंद पडली की एक उंच, किडकिडीत माणूस हत्यारांची पिशवी घेऊन यायचा आणि काम झालं की तिसऱ्या टेबलाशी चहा प्यायचा. पुढं तो रोज संध्याकाळी बाईंना न्यायला येऊ लागला. दोघं एकाच खोलीत राहतात हे कळल्यावर स्टॅम्पवाल्यानं त्याला भाऊ केलं आणि बाईंना वहिनी. कोणी लग्नाचा दाखला मागितला नाही. बाईंनीही चूक दुरुस्त केली नाही.

लिफ्टवाल्याचं लग्न झालेलं होतं. बायको आणि एक मुलगा दुसऱ्या गावात. भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. घटस्फोटाचा अर्ज वहिनींनी डोळे मिटून टाईप केला असता. पण तो आधी म्हणाला, पोराची शाळा होऊ दे. मग म्हणाला, पोराला नोकरी लागू दे. मग दोघांनीही तो विषय काढायचं सोडून दिलं.

राहायची खोली त्याच्या एकट्याच्या नावावर होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. "जगाला वर चढवतो आणि स्वतः धापा टाकतो," असं तो रोज दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणायचा. चारचौघांत वहिनी त्याला 'अहो' म्हणायच्या. दार लावलं की 'अरे'.

"मृत्युपत्र करून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे," हे वहिनी येईल त्याला सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी त्याचंही टाईप करून घरी आणलं. माझ्यानंतर खोली हिची. पण नावाआधी नातं लिहावं लागतं, आणि पत्नी लिहिता येत नव्हतं. बरंच खोडून झाल्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्यासोबत राहणाऱ्या'.

त्यानं चष्मा लावून वाचलं. "मेल्यावरसुद्धा मला टाईप करूनच ठेवणार तू," म्हणाला आणि झोकात सही ठोकून मोकळा झाला.

"अरे, दोन साक्षीदारांच्या समोर करायची असते."

"मग आण दोघं. पुन्हा करतो. तुला काय साक्षीदारांची वानवा?"

वानवा नव्हती. स्टॅम्पवाला आणि झेरॉक्सवाला दिवसातून दहा ठिकाणी साक्षीदार व्हायचे. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, हे वहिनी लोकांना समजावून सांगायच्या. पण स्टॅम्पवाला वाचायचा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. त्याच्या ओठांवर ते दोन शब्द आलेले वहिनींना बघवले नसते. कोणी अनोळखी गाठावं, तर झेरॉक्सवाला विचारणार, "आम्ही मेलो का, वहिनी?" म्हणून त्यांनी ठरवलं की सुट्टी काढून दुसऱ्या कोर्टात जायचं. कागद टेबलाच्या खणात कोऱ्या कागदांच्या तळाशी गेला. सुट्टी काढायची राहिली.

एका मंगळवारी दुपारी लिफ्टवाला कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, मोटारीच्या खोलीत, टेकून बसला. तो उठलाच नाही. कंपनीच्या कागदावर जो नंबर होता, त्यावर कंपनीनं फोन केला.

संध्याकाळी तो न्यायला आला नाही म्हणून वहिनींनी त्याला फोन लावला. एका तरुण आवाजानं उचलला.

"बाबा गेले," तो म्हणाला. "आपण कोण?"

"टायपिस्ट," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी स्टॅम्पवाला आणि झेरॉक्सवाला आपापली टेबलं बंद ठेवून तीन मजले चढून आले.

"भाऊंना नेलं कुठं?"

"गावी. मुलगा घेऊन गेला."

त्यात खोटं काही नव्हतं.

आठवड्यानं वहिनी कामावर आल्या आणि त्यांनी खणाच्या तळातला कागद काढला. खाली त्याची झोकदार सही. तिच्याखाली दोन रिकाम्या ओळी.

"सही हवीय का, वहिनी?" झेरॉक्सवाल्यानं पेन काढलंच. "आणा इकडे."

त्यांनी नुसतं म्हटलं असतं तरी तो सही करून मोकळा झाला असता. आणि पुढं कोर्टात उभं केल्यावर वकील विचारणार, मयतानं सही केली तेव्हा तुम्ही कुठं बसला होता? झेरॉक्सवाला पोराबाळांचा माणूस, खोट्या साक्षीत अडकायचा. हे प्रश्न वहिनींना पाठ होते. दावाही लावता येतो, हेही त्यांना ठाऊक होतं. अशाच एका बाईचा त्यांनी टाईप केला होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन सांगायचं, ही दोघं नवराबायकोसारखी राहत होती. 'सारखी' या शब्दावर उलटतपासणी चार तारखा चालली. नंतर ती बाई या रस्त्यानं यायचीच बंद झाली.

"नको," वहिनी म्हणाल्या. कागद परत तळाशी गेला.

तीन आठवड्यांनी मुलगा आला. तसाच उंच, तसाच किडकिडीत. वहिनींनी त्याला लांबूनच ओळखलं.

"काकू ना तुम्ही? बाबांच्या फोनमध्ये तुमचा नंबर पहिला होता." तो स्टुलावर अवघडून बसला. "आईला मी काही बोललो नाही. एक विचारायचं होतं. बाबांची खोली आमच्या नावावर करायची तर काय काय लागतं? इथं माझ्या ओळखीचं कोणी नाही."

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो लबाड नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं.

"कागद आहेत का?" त्यांनी विचारलं.

"मृत्यूचा दाखला आहे. खोलीचे… ते तिथंच असतील ना?"

"कपाटात आहेत. देते."

"घाई नाही, काकू. महिनाअखेरीपर्यंत चालेल. आई राहायला येणार आहे."

वहिनींनी वारसांचं प्रतिज्ञापत्र टाईप करायला घेतलं. बोटांना सगळं पाठ होतं. मयताची पत्नी, वय अमुक. मयताचा मुलगा, वय अमुक. 'वरील दोघांखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाही.' ही ओळ त्यांनी हजारदा टाईप केली असेल. आज पहिल्यांदा थांबून वाचली. मग प्रिंट दिली.

"दोन साक्षीदार लागतील," त्या म्हणाल्या.

"मी कुठून आणू?"

"आम्ही काय मेलो का?" म्हणत झेरॉक्सवाला उठून आला आणि न वाचता सही करून गेला. स्टॅम्पवाल्यानं कागद हातात घेतला. त्याचे ओठ हलू लागले. मयताच्या नावापाशी थांबले. पुढं सरकले, पत्नीच्या नावापाशी पुन्हा थांबले. त्यानं पोराकडे पाहिलं. त्याची उंची पाहिली. वहिनींकडे पाहिलं नाही.

"सही कुठं करू?" त्यानं विचारलं. वीस वर्षं तो त्याच जागी सही करत आला होता.

वहिनींनी बोट ठेवलं.

"काकूंनी बाबांचं खूप केलं," पोरगा सांगत होता. "त्यांचे उपकार आहेत आमच्यावर."

सगळं मिळून दहा मिनिटं लागली. तो नमस्कार करून गेला.

"वहिनी, चहा सांगू?" झेरॉक्सवाला म्हणाला. स्टॅम्पवाल्यानं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो आपल्या मशीनकडे वळला.

थोड्या वेळानं स्टॅम्पवाला उठून टेबलाशी आला. "अहो," म्हणाला आणि अडकला. पुढचा शब्द त्याला सापडत नव्हता. "अहो… तुमची बाटली माझ्याकडे राहिली होती." त्यानं पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन शिक्के पुसत बसला.

रिकाम्या स्टुलावर एक बाई येऊन बसली. भावानं घराच्या मागच्या दोन खोल्या वापरायला दिल्यात म्हणाली. सोळा वर्षं राहतेय. आता भावजयीनं कुरकुर सुरू केलीय.

"बाहेर काढता येतं का हो, असं?"

"कागद आहे का?"

"कागद कशाला? सख्खा भाऊ. तोंडीच ठरलं होतं."

वहिनींनी वाट पाहिली. शेजारच्या टेबलावरून कोणी काही म्हणालं नाही.