साडेतीनचा कॉल आणि आमचे राऊटरवाले

राऊटरचं वेड असलेल्या माणसाशी लग्न केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाटात जुन्या केबली साचतात तसे आपोआप साचतात!

इकडे परदेशात माझा नवरा निखिल पेनरोज भागातल्या एका डेपोत कॉम्प्युटर सांभाळतो, मी शेजारच्या ओटाहुहू भागातल्या एका फार्मसीत असते. याच्यासारखी आणखी दोघं आहेत. एक दूरच्या लोअर हट गावचा मंदार, जो पुण्याहून निखिलबरोबरच इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. दुसरी शुभदाताई, आयसीयूत नर्स. तिघांचा एक ग्रुप आहे, आणि त्यात प्रेक्षक म्हणून मी. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, पण त्या राऊटरच्या वाढदिवसाच्या!

* * *

मंदारचा हट्ट एकच, अँटेना दिसल्या पाहिजेत. त्याने सहा अँटेनांचा राऊटर आणून हॉलमध्ये गणपती बसवावा तसा बसवला.

लोअर हटच्या हिवाळ्यात कपडे वाळता वाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघतो तर एका अँटेनावर मुलाचे पोहायचे टॉग्ज आणि शेजारच्या अँटेनावर मोजा.

"अगं, अँटेना आहे ती, दोरी नाही!"

बायको शांतपणे म्हणाली, "सहा आहेत ना? उरलेल्या चार तुझ्या."

* * *

शुभदाताईला राऊटरवर एकही दिवा चालत नाही. दिवे बंद करायची सोय नसेल तर ती बॉक्स सरळ परत करते.

"बारा तास लुकलुकणारे दिवे बघून येते गं. घरी तरी कोणावर लक्ष ठेवायला लावू नका!"

एकदा आमच्या राऊटरवर लाल दिवा लागला. निखिलने घाबरून तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "श्वास चालू आहे ना? मग बसा गप्प."

* * *

निखिलला हवं असतं ते मागच्या बाजूला खरंखुरं बटण. ॲपमधून रीस्टार्ट करणं त्याला पटत नाही. नेट जरा अडखळलं की हा धावत जाऊन बटण दाबणार.

माझे बाबा सांगलीहून आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा त्यांनी हे पाहिलं. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सगळी नोकरी खांबांवर चढण्यात गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेत होते, तो कप त्यांनी खाली ठेवला.

"जावईबापू, चालू लाइनला हात लावायचा नाही!"

तीन महिन्यांत निखिलने हे इतक्यांदा ऐकलं, की आमची मुलगी इरा, जिला मराठी समजतं पण जी उत्तरं इंग्लिशमध्येच देते, तिलासुद्धा ते पाठ झालं.

* * *

मागच्या वर्षी, सांगलीला परतल्यावर, बाबांना स्ट्रोक आला. जीव वाचला, बोलणं गेलं.

सांगलीच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, रोज ठरलेल्या वेळी समोरासमोर सराव करा. शब्द अडकला तर तुम्ही पुरा करू नका, थांबा. मग इरा शाळेतून आली की साडेतीनला व्हिडिओ कॉल सुरू झाला. तिकडे सकाळचे आठ. इरा चित्र दाखवणार, आजोबा नाव सांगणार. कॉल स्वयंपाकघरातूनच, कारण ते टेबल दिसलं की बाबांचा चेहरा खुलायचा.

पण आमच्या जुन्या घराच्या मधोमध विटांचं धुराडं आहे. पुढच्या खोलीतलं वायफाय त्याच्यापलीकडे धड पोचायचंच नाही. बाबा जीव खाऊन "पा... पा..." पर्यंत यायचे आणि कॉल गोठायचा. परत जुळेपर्यंत तो शब्द हरवलेला असायचा. चौथ्या दिवशी बाबांनी आईला हातानेच खूण केली, फोन नको.

मी फार्मसीच्या मागे जाऊन रडले आणि ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या.

संध्याकाळी शुभदाताई ड्युटीवरून थेट आमच्या दारात. हातात तिचा स्वतःसाठी घेतलेला कोरा राऊटर. "घे. दिवे नाहीत, पण बटण आहे. निखिल रडायला नको!"

शनिवारी मंदार आठ तास गाडी चालवत आला. "बाबांना वायफायच्या भरवशावर सोडायचं नाही. तार टाकू!" इथली लाकडी घरं जमिनीपासून थोडी वर उचललेली असतात. हा पठ्ठ्या केबल घेऊन त्या फटीत सरपटत शिरला. शेजारच्या म्हाताऱ्याला घराखालून फक्त दोन पाय दिसले. एका पायात जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, दुसरा अनवाणी.

"यू राइट, मेट?"

आतून आवाज आला, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत, सगळं झकास.

म्हातारा घरात गेला. टॉर्च आणला आणि तासभर धरून बसला.

केबल स्वयंपाकघरात आली, ताईचा राऊटर टेबलामागच्या फळीवर बसला. या लोकांच्या वेडाला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली होती, त्याची मला लाज वाटली. आभार मानायला गेले तर अंगभर जाळी-जळमटं घेऊन उभा असलेला मंदार म्हणाला, "वहिनी, आभार राहू द्या. आधी स्पीड टेस्ट दाखवा!"

* * *

त्यानंतर कॉल एकदाही तुटला नाही. बाबा परत फोनसमोर बसायला लागले. पाणी आलं, चहा आला, गाय आली. एका वेळी एक शब्द, त्यापुढे मात्र गाडी जाईना. कित्येक महिने तेवढंच.

परवाच्या रविवारी शुभदाताई आमच्याकडे होती. साडेतीनला कॉल लागला. इराने स्वतः काढलेलं चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. टेलिफोनचा खांब आणि त्यावर चढलेला एक माणूस.

बाबा बघत राहिले. हातातला कप हवेत तसाच. पापणी हलेना. दहा सेकंद झाले, वीस झाले.

"ममा, ही इज फ्रोझन," इरा म्हणाली.

शुभदाताई राऊटरकडे बघत पुटपुटली, "मेला एक दिवा असता तर कळलं असतं!"

निखिल एव्हाना फळीपाशी पोचला होता. बोट बटणावर.

"जा... वई... बापू."

निखिलचं बोट जागच्या जागी थांबलं.

"चालू... लाइनला... हात... लावायचा... नाही!"