उजवीकडे न वळणारे कबूतर

ज्यांना सगळी गल्ली ब्रेकमास्तर म्हणते, ते गृहस्थ एकतीस वर्षे दुसऱ्याच्या शेजारी बसून गाडी चालवायला शिकवत आले. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गोंधळला की तो त्यांनी दाबायचा. दाबून दाबून तो ब्रेक त्यांच्या पायातच मुरला. घरी जेवायला बसले आणि बायकोने वाढताना हात जरा सैल सोडला, की यांचा उजवा पाय धाडकन जमिनीवर. प्रार्थनेत कुणी एक ओळ गाळून पुढे पळाले, तरी पाय धाडकन. न्हावी तर त्यांच्या मानेला वस्तरा लावण्याआधी विनवायचा, मास्तर, तुमचा पाय आधी झोपवा, मग मी कामाला लागतो.

त्यांची दुसरी कीर्ती अशी, की त्यांनी परीक्षेला पाठवलेला एकही माणूस आजवर नापास झालेला नव्हता. यात मेख एवढीच, की ते कुणाला सहजासहजी पाठवतच नसत. 'अजून हात बसला नाही' हे त्यांचे ठरलेले वाक्य. औषधांच्या दुकानातल्या बाई त्यांच्याकडे सहा वर्षे शिकत होत्या. रोज सकाळी बाई गाडी चालवत आपल्या दुकानापर्यंत जात, मास्तर शेजारी बसत आणि मग गाडी परत आणत. लोक म्हणत, बाईंनी पगारी ड्रायव्हर ठेवलाय, फक्त गाडी चालवायचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलंय.

तर एका शुक्रवारी सकाळी मास्तर चहाचा कप घेऊन अंगणात आले, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीखाली त्यांना एक रानकबूतर दिसले. उडत नव्हते, बसत नव्हते. घाण्याच्या बैलासारखे डावीकडे गोल गोल फिरत होते. मान अशी पिळवटलेली, की चोच वर आणि डोके खाली. मास्तरांचा चहा निवला. सात फेऱ्या त्यांनी बघितल्या आणि निदान करून टाकले, की याचे स्टिअरिंग डावीकडे अडकले आहे.

बायको म्हणाली, मान धरली असेल. त्यावर त्यांनी विचारले, मान आणि स्टिअरिंग यात फरक काय? तिने कपाळाला हात लावला आणि मिक्सरचा रिकामा खोका आणून दिला, वर जुना टॉवेलही. तोंडाने कुरकुर आणि हाताने काम, ही तिची जुनी रीत. देवाने दारात आणून टाकलेल्या जिवाला घालवून द्यायचे नसते, एवढे तिला शिकवावे लागत नव्हते.

जनावरांच्या डॉक्टरांनी कबूतर उलटसुलट करून बघितले. हा कबुतरांच्या नसांचा आजार आहे, म्हणाले. इतर पाखरांपासून लांब ठेवा, हात साबणाने धूत जा, भिजवलेले वाटाणे हाताने भरवा. काही पाखरे महिन्या-दोन महिन्यांत सुधारतात. पण नेम चुकतो, त्यामुळे दाणा टिपता येत नाही, आणि रानातल्या पाखराला जन्मभर कोण भरवणार? मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी आणा. माझ्यासमोर स्वतःचे स्वतः चार दाणे खाल्ले, तर आशा आहे. नाहीतर झोपवून टाकू. उगाच हाल नकोत त्याचे."

मास्तरांनी खोका छातीशी धरला. आठ दिवसांत कुणाला परीक्षेला बसवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आणि इथे नापास झाला, तर पुन्हा फॉर्म भरायची सोय नव्हती.

त्याच संध्याकाळी अंगणात विटांचा रस्ता तयार झाला. सरळ रस्ता, एक उजवे वळण, वळणाच्या टोकाशी बशीत मक्याचे दाणे. मास्तर लाकडी स्टूल घेऊन शेजारी बसले. कबूतर विटेला धडकले, मागे आले, पुन्हा धडकले. मास्तर शांतपणे सांगत होते, घाई नाही, आधी बघायचं, मग वळायचं. कबूतर आकाशाकडे बघत डावीकडेच फिरत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असे बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. मास्तर म्हणाले, तुझा भाऊही पहिले चार महिने असाच होता.

सकाळ-दुपार-संध्याकाळ ते चोच हळूच उघडून एकेक वाटाणा आत सारत. कबूतर गिळे, अंगावर शहारा आणी आणि पंखाने मास्तरांच्या चष्म्यावर चापट मारी. पोट भरे, पण ते काही परीक्षेचे खाणे नव्हे. बशीपाशी सोडले की कबूतर डोके कसेबसे खाली आणायचे, चोच दाण्याच्या जवळ न्यायचे, आणि ऐन वेळी दचकून गर्रकन फिरायचे. शनिवार गेला, रविवार गेला. मंगळवारपर्यंत मास्तरांना घास गोड लागेनासा झाला. बायकोला ते म्हणाले, याची हुशारी आहे, पण आत्मविश्वास नाही. रोजच्या प्रार्थनेत कबुतराचा विषय घालायला तिला सांगितले, आणि तिने तो सोमवारपासूनच घातलेला आहे हे ऐकून जरा ओशाळले.

बुधवारी औषधवाल्या बाई ठरल्या वेळी गाडीपाशी आल्या. मास्तर अंगणातूनच म्हणाले, पाच मिनिटं बसा, याचा तास चाललाय. बाई पायरीवर बसल्या. कबूतर बशीकडे गेले. डोके खाली आले. चोच दाण्यापासून बोटभर अंतरावर. आणि मास्तरांची चप्पल धाडकन फरशीवर आपटली. कबूतर उडाल्यासारखे होऊन बाजूला पडले.

"बघा," मास्तर हताश होऊन म्हणाले, "ऐन वेळी कच खातो."

बाईंनी पुन्हा बघितले. तिसऱ्यांदा बघितले. सहाव्या वेळी त्या उठल्या, आणि वर्षानुवर्षे औषधाच्या चिठ्ठ्या वाचून जो ठामपणा येतो त्या ठामपणाने म्हणाल्या, "मास्तर, ते कच खात नाही. तुम्ही ब्रेक दाबता."

मास्तर म्हणाले, छे, इथे ब्रेक कुठे आहे?

"तेच तर," बाई म्हणाल्या. "आणि सहा वर्षं मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय."

मास्तर बराच वेळ आपल्या चपलेकडे बघत राहिले. आतून बायको पदराला हात पुसत बाहेर आली होती. एरवी तिने दोन टोमणे मारले असते. आता तिने नुसते स्टूल उचलून भिंतीशी ठेवले.

पाय आवरायचा तर कसा, हा पुढचा प्रश्न. मास्तरांनी मनाशी निश्चय केला; पायाने तो ऐकला नाही. चप्पल काढली, तर टाच आपटू लागली. मांडी घातली, तर गुडघा. बायकोने पायावर पाट्यासकट वरवंटा ठेवून बघितला, तर पाटाच वाजू लागला. शेवटी तिने त्यांना कपडे धुवायच्या उंच ओट्यावर चढवून बसवले, पाय अधांतरी सोडून. आता पाय खुशाल दाबला जाई, पण खाली जमीनच नसे. हवेत ब्रेक लागत, आणि गाडी चालू राही. बशीच्या जागी तिने दाण्यांनी काठोकाठ भरलेले खोल भांडे ठेवले. नेम थोडा चुकला तरी चोचीत काहीतरी येईल, एवढा तिचा साधा हिशेब.

गुरुवारी कबुतराचा नेम एकोणीस वेळा चुकला. विसाव्या वेळी चोच भांड्यात शिरली आणि वर आली तेव्हा तिच्यात मक्याचा दाणा होता. कबुतराला त्याचे काही वाटले नाही. मास्तर मात्र ओट्यावर बसल्या बसल्या रडू लागले, आणि बायको म्हणाली, पुरे, त्याला वाटेल दाणा परत द्यायचाय.

शनिवारी दवाखान्यात स्टुले होती, खुर्च्या होत्या, पण ओटा नव्हता. बायकोने डॉक्टरांना अडचण समजावून सांगितली. डॉक्टरांनी ती दोनदा ऐकली. मग मास्तरांना तपासणीच्या उंच टेबलावर चढवण्यात आले, पाय खाली लोंबते, शेजारी कबूतर आणि त्याचे भांडे. मांजर घेऊन आलेल्या एका आजीबाईंनी दारातून डोकावून विचारले, यांना काय झालंय? डॉक्टर म्हणाले, यांना काही नाही, हे सोबत आलेत.

कबूतर फिरले. चुकले. फिरले. एक दाणा गेला. मास्तरांचा पाय हवेत तीनदा दाबला गेला. दुसरा दाणा गेला. आजीबाई आत येऊन उभ्या राहिल्या, मांजर पिशवीत बंद. तिसरा दाणा गेला. मग कबूतर थांबले, टेबलावर शिटले आणि टॉवेलावर पोट टेकून बसले.

डॉक्टर हसून म्हणाले, छान सुधारतंय, घेऊन जा घरी.

"तीनच झाले," मास्तर म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, चार मी आपला अंदाजाने सांगितला होता. मास्तर जागचे हलेनात. नियम म्हणजे नियम. सवलत देऊन पास केलेला माणूस पुढच्या चौकात काय करतो, ते त्यांनी पाहिलेले होते. बायकोने दात आवळून सांगितले, "अहो, फाशीतून सुटलंय ते. तुम्ही कशाला पुन्हा दोर शोधताय? उतरा खाली."

मास्तर उतरले, पण जाताना डॉक्टरांना म्हणाले, याचा हात अजून बसलेला नाही. पुढच्या शनिवारी परत आणतो.

आणि आणले. त्या शनिवारी कबुतराने चाळीस दाणे खाल्ले, तर मास्तर म्हणाले, खातंय हो, पण उजवीकडे वळत नाही. तिसऱ्या शनिवारी मान निम्मी सरळ झाली होती. मास्तर म्हणाले, थांबताना डळमळतं. डॉक्टर दर वेळी तोंड भरून पास म्हणत, आणि मास्तर दर वेळी टेबलावरून नकारार्थी मान हलवत. दरम्यान औषधवाल्या बाईंनी कुणाला न विचारता फॉर्म भरला, परीक्षा दिली, नापास झाल्या, पुन्हा दिली आणि पास झाल्या. मास्तरांनी दोन्ही बातम्या ऐकून घेतल्या आणि दोन्ही वेळा फक्त 'हं' म्हटले.

सातव्या शनिवारी ते खोका घेऊन आले, सवयीने टेबलावर चढून बसले आणि पाय सोडले. डॉक्टरांनी खोका उघडला. आत टॉवेलाची नीट घडी होती.

मास्तर म्हणाले, परवा दुपारी गेलं. बायको कपडे वाळत घालत होती. ते ओट्यावर आलं, तिथून दोरीवर, मग डावीकडे एक मोठी फेरी घेतली आणि छपरावरून दिसेनासं झालं.

"उडालं म्हणजे झालं की, मास्तर," डॉक्टर म्हणाले.

"असं कसं झालं?" मास्तर म्हणाले. "मी अजून जा म्हटलं नव्हतं."

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. बाहेर आजीबाई मांजर घेऊन कधीच्या ताटकळत होत्या. तरी डॉक्टर खुर्ची ओढून बसले, आणि त्यांना उतरा म्हणाले नाहीत.