दर्शनास मुभा, प्रश्नास मनाई

तीन दिवस नोंदवतो, आणि प्रत्येकापुढे जबाबदार कोण तेही.

पहिला दिवस, एकोणीसशे एकोणसाठच्या दसऱ्यानंतरचा सोमवार. त्या दिवशी आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावणे ठरावाने बंद झाले. जबाबदार: देवस्थान समितीचे त्या वेळचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, आणि ठरावाचा मसुदा लिहिणारा मी, मालवणात वकिलाच्या हाताखालचा कारकून. दुसरा दिवस त्याच सालच्या मार्गशीर्षातला. माझा थोरला भाऊ एकटाच होडी घेऊन सकाळी समुद्रात गेला आणि परतला नाही. जबाबदार: वारा, ज्याच्यावर दावा लागत नाही. तिसरा दिवस त्यानंतर सात वर्षांनी कोर्टात उगवला. त्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवण्यासाठीच हे लिहीत आहे.

कौल म्हणजे काय ते परगावच्या वाचकासाठी सांगतो. देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. मग एकाने गाऱ्हाणे घालायचे, म्हणजे विषय देवाच्या कानावर घालायचा, आणि प्रत्येक वाक्यागणिक जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बांधाचे तंटे, सोयरिकी, होडी पाण्यात घालण्याचा दिवस, सारे असे ठरे. मला त्याची लाज वाटे. निधर्मी राज्याच्या नागरिकांनी दगडाकडून निकाल घ्यावा हे मला सहन होत नव्हते, आणि अध्यक्षांनी मसुदा सांगितला तेव्हा मी एक वाक्य पदरचे घातले: ‘देवळात दर्शनास मुभा राहील, प्रश्नास मनाई राहील.’ सभेत त्यावर टाळ्या पडल्या. मी त्या घरी येऊन भावाला सांगितल्या. तो जाळे विणत होता. म्हणाला, “बरा केलंस. आता माका काय इचारूचा झाला तर तुझ्या कचेरीत येयन.”

होडी पाचव्या दिवशी विजयदुर्गच्या खाडीच्या तोंडाशी उपडी सापडली. माणूस सापडला नाही.

आई देवळात गेली. मागोमाग मी. गुरवाने हात जोडले आणि भिंतीवरचा ठराव दाखवला. आईला वाचता येत नव्हते. गुरव माझ्याकडे वळून म्हणाला, “कागद तुझोच मां? मगे आवशीक तूच वाचून दाखय.”

मी वाचला नाही. आई तशीच अध्यक्षांच्या ओसरीवर गेली. ते शांतपणे म्हणाले, “बाई, पोलिसांत वर्दी दिली आहे. चौकशी चालू आहे.”

“पोलिसांका खबर नाय, म्हणान देवाक इचारूक इलंय. माका इतक्याच व्हया, तो आसा काय गेलो. सुनेच्या कपाळाचा काय करू?”

“ठराव सर्वांना सारखा,” ते म्हणाले. हेही माझेच वाक्य होते.

दोन दिवसांनी, भर दुपारी, गुरव गाभाऱ्यात पाणी आणि फुले ठेवून जेवायला निघून गेला. पाकळ्या मी लावल्या. गाऱ्हाणे मीच सुरू केले: “सदर इसम होडीसह बेपत्ता असून...” आईने मला थांबवले. “कचेरीतला बोलू नको रे. घरातला बोल.”

मी पुन्हा बोललो. “बा देवा म्हाराजा, माझो भाव आसा काय गेलो? आसलो तर उजवी दी.” आणि थांबलो, कारण तिथे थांबायचेच असते. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणी नव्हते. आईने तोंडाला पदर लावला होता. त्या रिकाम्या जागेत जे झाले ते मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगेन. कोणी तरी ऐकत होते. आवाज नाही, उजेड नाही, सुगंध नाही. न्यायाधीश मान वर न करता ऐकतो आणि तरी आपल्याला कळते, तसे कळले. यापूर्वी असे कधी झाले नव्हते आणि पुढेही झाले नाही.

पाकळ्या मात्र पडल्या नाहीत. उजवीही नाही, डावीही नाही. उन्हे कलेपर्यंत आम्ही बसलो आणि त्या तिथेच सुकल्या. आई उठताना म्हणाली, “चार माणसां नाय, तर देव तरी उत्तर कोणाक देतलो?”

ती चौथ्या वर्षी गेली. तोवर रोज भावाचे ताट मांडी. वहिनी सात वर्षे कुंकू लावत राहिली, आणि ते लावताना दर वेळी हात आखडता घेई. वारसनोंदीसाठी अर्ज मीच लिहिला. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत समजावा, असे कायदा म्हणतो. हुकूम मी व्हरांड्यात वाचून दाखवला. वहिनीने विचारले, “भावजी, समजूचो म्हणजे? मेलो, की मेलो असा समजूचो?”

मी हुकमातले तेच वाक्य पुन्हा वाचले. तिने तिथेच बांगड्या काढून पदरात बांधल्या. फोडल्या नाहीत.

हे सारे मी गिळले असते. परंतु गेल्या महिन्यात गुरवाने मरण्यापूर्वी मला बोलावून सांगितले की त्याच पौषात, माझी आई ओसरीवरून परतली त्यानंतर महिन्याच्या आत, अध्यक्ष शेजारच्या गावच्या देवळात गेले होते आणि मुलीच्या सोयरिकीचा कौल त्यांनी लावून घेतला होता. तिथला पुजारी गुरवाचा मावसभाऊ. मंडपात सात-आठ माणसे होती, आणि ती ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली.

अध्यक्ष महाराज, आपण हयात आहात आणि आपली स्मृती शाबूत आहे. माझा अपराध मी वर लिहून दिला आहे. आता आपण आमच्या देवळाच्या मंडपात, गावासमोर, एवढेच सांगावे: आपण गेला होता की नाही? पाकळी पडली तेव्हा आपल्यालाही कोणी ऐकत आहे असे वाटले का? आणि वाटले असेल, तर ओसरीवर आलेल्या बाईला आपण परत का पाठवलेत? खासगी पत्राने उत्तर दिल्यास मी ते न फोडता परत करीन. वहिनी मंडपात येऊन बसणार आहे, आणि प्रत्येक वाक्यागणिक ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला मी चार माणसे आणीन.