मडमांच्या मठातलं वाचनालय

चार जुने वाचक भेटले, की पुस्तकं राहतात बाजूला आणि किस्सेच निघतात. त्यात आमचं संगमनेरचं वाचनालय जुन्या कॉन्व्हेंटमध्ये! लढाईच्या दिवसांत सिस्टर दुसऱ्या गावी गेल्या, इमारत आम्हाला मिळाली. पाटी बदलली; पण लोकांना तो 'मडमांचा मठ'च. मी तिथं कारकून. समोरचा माणूस नक्की कशासाठी आलाय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही!

*

एका शेतकऱ्यानं सुजलेला अंगठा माझ्यापुढे धरला. सिस्टर औषधं द्यायच्या ना!

"बाबा, आता इथं फक्त पुस्तकं मिळतात."

तो विचारात पडला. "चालंल. पन खायचं का लावायचं?"

*

फादरपुढे पाप कबूल करायची लाकडी खोली तशीच होती. एक पेन्शनर मास्तर तिच्यात बसून पेपर वाचायचे. निवांत!

एकदा जाळीपलीकडे एक म्हातारी गुडघे टेकून बोलू लागली, "फादर, सासूला शिळं वाढलं, ताजं म्हनून सांगितलं..."

मास्तर घामाघूम! शेवटी पुटपुटले, "बाई, मी पेन्शनर आहे हो!"

"मग अर्धी तरी माफी द्या!"

*

वाचनालय बंद करताना शिपाई रहमानचाचा मठाची घंटा वाजवायचे. एकदा ते तापानं पडले. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई तणतणत आली.

"काल सांज झालीच न्हाई! सैपाक राहिला की!"

"अहो, सूर्य मावळला होता!"

"त्यो काय, रोजच मावळतो!"

*

आमचे ग्रंथपाल नाना शांततेच्या बाबतीत भलते कडक. कुणी नुसतं खोकलं तरी चष्म्यावरून बघायचे.

एका दुपारी दारात बैलगाडी थांबली. आत कळा देणारी सून, सोबत सासू.

नाना गडबडले. "अहो, हे वाचनालय आहे!"

"असू द्या. माझा ल्योक बी हितंच झालाय. गडी मान्सं भाईर!"

आम्ही सगळे पेपर हातात घेऊन लिंबाखाली. रहमानचाचांनी धावत जाऊन बायकोला आणलं. त्या बाळंतपणं करायच्या. दार लागलं. आतून कण्हणं, मग एक किंकाळी, मग काहीच नाही.

दार किलकिलं झालं. सासूचा चेहरा पांढरा. "पोर रडंना..."

दार पुन्हा लागलं. कुणी कुणाकडे बघेना. नानांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

आणि आतून बारीक आवाज आला. मांजरागत.

नाना दाराला जाऊन भिडले आणि दोन्ही हातांनी दार बडवत ओरडले, "मोठ्यानं! अजून मोठ्यानं!"