चाळीस रुपयांचे कान

नामदेवतात्यांची आणि माझी ओळख मी त्यांच्या वायरीत पाय अडकून पडल्यामुळे झाली. नांदूरघाटजवळच्या एका गावात दूध संस्थेचा सचिव म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. वाटेतल्या एका शेतात पंधरा-वीस माणसं घोळका करून उभी दिसली. मध्ये एक म्हातारा डोळे मिटून, मांडी घालून बसलेला. पांढऱ्या टोपीवरून काळा हेडफोन चढवलेला. मला वाटलं, बाबा गाणी ऐकताहेत. नवीन गावात चार ओळखी वाढवाव्यात म्हणून मी पुढे झालो. "काय बाबा, कोणतं गाणं लागलंय?" असं विचारायला वाकलो आणि पाय वायरीत गेला. मी तोंडघशी, हेडफोन माझ्या पायात, आणि वायरीचं टोक ज्या तांब्याच्या सळईला बांधलं होतं, ती सळई जमिनीतून उपटून माझ्या पाठीवर.

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "पानी वर येऊ लागलं हुतं. साहेबांनी लाथ घालून परत खाली धाडलं."

तात्या पाणाड्या होते. बोअर कुठं घ्यायचा ती जागा दाखवणारे. बाकीचे पाणाडे तळहातावर नारळ धरतात, नाहीतर लिंबाची बेचकी घेऊन रान फिरतात. तात्यांनीही बरीच वर्षं नारळ धरला. मग सोडला. "नारळ नुसता हालतो हो, बोलत न्हाई," म्हणायचे. केजच्या बसस्टँडबाहेर एक माणूस टोपलीत चार्जर, कव्हरं आणि हेडफोन घेऊन बसायचा. त्याच्याकडून तात्या चाळीस रुपयांचा हेडफोन आणत. सळई जमिनीत, पिन सळईला, हेडफोन टोपीवर. मग दोन-दोन तास बैठक. भोवती जमलेली माणसं सुरुवातीला शाळेत उभं राहिल्यासारखी गप्प असत. तात्याच त्यांना मोकळं करत : "बोला, बोला. तुमचं मला काय बी ऐकू येत न्हाई."

त्या हेडफोनची अवस्था काय सांगावी! आठवड्यात डावा कान जाई. पंधरवड्यात स्पंजाचा भुगा होऊन खांद्यावर पडे, की तिथं तात्या जुन्या पायमोज्याचे तुकडे शिवत. म्हणून ते एकदम चार नग घेत. मी एकदा म्हणालो, "तात्या, असला माल घ्यायचाच कशाला?"

"एक कान गेला तर दुसरा हाय की. देवानं दोन कावून दिले मग?"

जमिनीला जोडलेल्या हेडफोनचा डावा कान गेला, हे त्यांना कळायचं कसं, हा प्रश्न मला चार वर्षांत एकदाही पडला नाही. संस्थेचा कारभार अशा माणसाच्या हाती होता, हेही लक्षात घ्या.

मग तो वाईट उन्हाळा आला. आधीचा पाऊस नावालाच झालेला. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, तर दुधाचे कॅन कशानं धुणार? दोनदा आमचं दूध नासलं. वरच्या संघानं कळवलं की आणखी एकदा असं झालं तर तुमचं संकलन बंद. बंद म्हणजे गावातल्या बायकांनी दोन-दोन लिटरच्या किटल्या घेऊन पाच मैल चालत शेजारच्या गावी जायचं. बोअर हाच उपाय होता आणि संस्थेची ऐपत एकाच बोअरची होती.

संचालकांच्या बैठकीत चेअरमन आबा म्हणाले, "गेवराईहून पानी शोधायच्या मशीनवाल्याला बोलवा. तात्याचं आता काय खरं न्हाई." कारण तात्यांनी दाखवलेल्या शेवटच्या दोन्ही जागा कोरड्या गेल्या होत्या. मी तात्यांची बाजू घेतली. आबांनी एक अट घातली, "ठीक हाय. पर ही जागा कोरडी गेली तर तात्यानं सळई भंगारात घालायची. पुन्हा गावात कुणाला पानी दावायचं न्हाई."

तात्यांनी मान डोलावली. मग टोपी काढून झटकली आणि पुन्हा सारखी केली.

आता या माणसाला मदत केली पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. मी मदत करायचं ठरवलं की काय होतं, हे माझ्या घरचे जाणतात. मी थेट अंबाजोगाईला गेलो आणि बिनवायरीचा, उत्तम प्रतीचा हेडफोन घेऊन आलो. बटण दाबलं की बाहेरचा आवाज संपूर्ण बंद. रात्री जेवताना बायको डेअरीच्या मागच्या गवताबद्दल काहीतरी सांगत होती. मी "हं, हं" करत डब्यातला माहितीचा कागद वाचत होतो.

सकाळी तात्यांनी तो हेडफोन उलटा-सुलटा करून पाहिला.

"वायर कुठं हाय?"

"लागत नाही."

"मग पानी काय हवेतनं येनार हाय का, सेक्रेटरी?"

पण मी इतक्या हौसेनं आणलेला, म्हणून त्यांनी तो घातला. सळई रोवून ठेवली, निदान तिला वाईट वाटू नये म्हणून. मी बटण दाबलं. डेअरीच्या अंगणात अर्धं गाव जमून बोलत होतं आणि तात्यांचा चेहरा बघता बघता विहिरीत उतरलेल्या माणसासारखा झाला. ते डोळे उघडून एकेकाच्या तोंडाकडे केविलवाणं बघू लागले. दोन तासांनी उठले. "आज जमीन गप हाय," एवढंच बोलले.

मागून कुणीतरी ओरडलं, "तिला रेंज न्हाई बे!" सगळे हसले. आबांनी गेवराईला लावायला फोन काढला.

"आबा, उंद्याचा दिस द्या," तात्या म्हणाले. "माज्या जुन्या मशीनवर."

दुसऱ्या दिवशी पायमोजे शिवलेला हेडफोन टोपीवर चढला. "बोला, बोला," तात्या म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. पुरुष मंडळी जो तो आपल्या बांधाची थोरवी गाऊ लागली. आबांच्या मते पाणी आबांच्या गोठ्याजवळच होतं. दहा वाजता माझी बायको चहाची किटली घेऊन आली. शेजारच्या शांताबाईही सोबत होत्या. दोघी तात्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि बायको जरा मोठ्यानंच म्हणाली, "शांताबाई, डेअरीच्या मागं त्या बोरीखाली बघितलंत का? भर उन्हाळ्यात हराळी हिरवीगार हाय. समद्या शेळ्या तिथंच पळतेत."

तात्यांनी चहा संपवला. आणखी अर्धा तास बसले. मग वायर हातात धरून, झोपेत चालल्यासारखे उठले, डेअरीला वळसा घालून मागे गेले आणि बोरीखाली सळई रोवली. "हितं."

बोअरची गाडी लागली. धुरळा, धुरळा, नुसता पांढरा धुरळा. आबा माझ्याकडे बघत होते, मी तात्यांकडे, आणि तात्या आपल्या सळईकडे. दुपार कलली. मग धुरळ्याचा रंग बदलला, चिखल आला, आणि एकदम पाण्याचा फवारा उडाला. बायकांनी किटल्या भरून घेतल्या. तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले. डोळ्यात पाणी उडालं, म्हणाले.

संध्याकाळी डेअरीत आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "तात्या, जमीन नेमकं काय म्हणते?"

तात्या गालात हसले. "जमीन कशाची बोलती हो? मान्सं बोलतेत. समोर बसवून इचारलं तर जो तो सवताच्या बांधाकडं बोट दावतो. पर म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई म्हनलं की खरं बोलतेत. कुठं गवत, कुठं मुंग्या, कुठं आजाच्या टायमाला आड हुता."

"आणि त्या दोन कोरड्या जागा?"

"तवा बायका ऊसतोडीला गेलत्या. नुसते बापे हुते. बाप्यांना काय म्हाईत?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुमचा हेडफोन लई भारी हाय, सेक्रेटरी. त्यात काय बी ऐकू येत न्हाई."

ते जिवंत असेपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. मी शब्द पाळला. आता कुणी मला विचारतं, असला स्वस्तातला वायरवाला हेडफोन घ्यावा का, तर मी म्हणतो, गाणी ऐकायची असतील तर मुळीच घेऊ नका.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. त्यांचा शेवटचा हेडफोन डेअरीत खिळ्याला टांगलेला आहे, बोअरही अजून चालू आहे. दहाव्याहून घरी आल्यावर मी बायकोला समोर बसवलं आणि सगळं गुपित सांगितलं. ती जागा खरं तर तिच्या बोलण्यातून सापडली, हे ऐकून ती थक्क होईल, अशी माझी अपेक्षा होती.

ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत म्हणाली, "मग मी काय शांताबाईला सांगत हुते व्हय? तिच्याच तर शेळ्या त्या. तुमाला घरी तीनदा सांगितलं हुतं. तवा तुमच्या कानात काहीच नव्हतं."