परवान्याची मागची बाजू

लवंगांची बरणी उघडली की मला केळशीच्या हसनचाचांची पत्र्याची पेटी आठवते. कसर लागू नये म्हणून ते जुन्या कागदांत लवंगा ठेवत.

दोन हजार एक साली मी, एक हौशी मास्तर, गावोगावची मोडी वाचत हिंडत होतो. चाचांनी पणजोबांच्या गलबताचा परवाना पुढे केला. बाणकोटच्या खाडीत तेव्हा एका काठावर इंग्रज, दुसऱ्यावर सिद्दी. म्हणून पुढे इंग्रजांच्या नाक्यासाठी मोडी, मागे सिद्दीच्या नाक्यासाठी फारसी. नारळ, सुपारी, मीठ, अशी मोडीतली यादी मी घडाघडा वाचली.

"नि मागं काय लिवलंय, मास्तर? मी कुराण वाचतो, पण ही फारसी उमगत नाय."

मलाही उमगत नव्हती. पण तसं सांगायची लाज वाटली. "तेच आहे, फारसीत," मी म्हणालो.

चाचांनी मान डोलावली आणि घडीत नवी लवंग ठेवली.

गेल्या वर्षी त्या कागदाची तेव्हा काढलेली झेरॉक्स मी फारसीच्या एका जाणकाराला दाखवली. मागे चाचांच्या पणजोबांबद्दल सिद्दीच्या अंमलदाराचा शेरा होता: गलबताच्या या तांडेलाने वादळात आमची माणसं वाचवली, याची जकात घेऊ नये.

हे ऐकायला चाचा आता नाहीत. त्यांनी तर मला विचारलं होतं.